प्लॅटिनममध्ये कथील

एके काळी एक वृद्ध रसायनाचार्य गावाबाहेरच्या आपल्या प्रयोगशाळेत एकुलत्या एका शिष्यासह राहत होते. ज्ञान अगाध, तोंड फटकळ. शिष्य बुद्धिमान, पण जरा जास्तच सोवळा. काचेच्या नळीला बोट लागले तरी ती पुन्हा धुवायचा. आचार्य त्याला 'सोवळेराव' म्हणून टोमणे मारत, आणि जेवताना त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा मात्र स्वतःच्या हाताने ठेवत.

गावात एका शेटजींची काचेच्या बांगड्यांची भट्टी होती. तिच्या धुरात एक विषारी वायू असे. त्याला ना रंग, ना वास. कामगारांची डोकी जड व्हायची. एखादी बाई काम करता करता घेरी येऊन पडायची. शेटजी हात जोडून आले. "आचार्य, काहीतरी करा. नाहीतर भट्टीला कुलूप घालतो. माणसं मारून बांगड्या नाही विकायच्या मला."

उपाय आचार्यांना ठाऊक होता. हा वायू तापलेल्या प्लॅटिनमला स्पर्शून गेला की निरुपद्रवी होतो. पण काम करते ती धातूची पाठ, म्हणजे वरचा पृष्ठभाग; पोट नव्हे. म्हणून भाकरीवर तीळ लावावेत तसे प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पांढऱ्या मातीच्या पुडीवर सुटेसुटे पसरायचे, आणि ती पूड धुराड्यात बसवायची. शिष्याने जीव ओतून प्लॅटिनमचे द्रावण शुद्ध केले. आचार्य आले आणि त्यांनी त्यात सरळ कथलाचे पाणी ओतले. भांड्यांना कल्हई करतात, तेच कथील!

"गुरुजी, हे कथील आहे!"

"मग? मी काय आंधळा आहे?"

"ही भेसळ झाली. कथील या वायूचं काय वाकडं करणार?"

"काही नाही. तुझी अक्कल फार शुद्ध आहे रे, म्हणून एकटी पडलीय. ढवळ गुमान."

शिष्याने ढवळले, पण त्याला पटले नाही. म्हातारपणी गुरुजींचा तोल गेला असावा. उद्या गावात छी-थू होईल, एवढ्या वर्षांचे नाव मातीला मिळेल. ते त्याला पाहवले नसते. त्याने गुपचूप निर्भेळ प्लॅटिनमची दुसरी पूड केली, ती भट्टीवर पोचवली, आणि गुरूंच्या कथील घातलेल्या पुडीची बरणी फडताळात मागे दडवली.

आरंभी सारे झकास चालले. कामगार हसतखेळत काम करू लागले. शिष्य मनातल्या मनात म्हणाला, वाचवले मी म्हाताऱ्याला.

पण भट्टीच्या धगीत दिवस जाऊ लागले तशी डोकी पुन्हा जड झाली. एक बाई चक्कर येऊन पडली. धगीपासून थोडक्यात बचावली. शेटजी तणतणत आले आणि पूड टेबलावर ओतली. "ही काय राख दिलीत आम्हाला?"

आचार्यांनी पूड निरखली. मग शिष्याकडे पाहिले. त्याचे कान लालभडक झाले होते.

"चूक माझी," आचार्य म्हणाले. "वय झालं आता. उद्या दुसरी देतो."

"तोवर भट्टी बंद. आणि तीही पूड फुकट गेली, तर कायमची बंद," शेटजी म्हणाले आणि गेले.

शिष्य उठला. दडवलेली बरणी काढून त्याने गुरूंपुढे ठेवली.

"बस," आचार्य म्हणाले. "लग्नात पंगतीला वाढायला दहा सख्खे भाऊ सोडले. सगळे चलाख. आधी वाढतात झकास. पण मांडव तापला, की एकेक जण सरकत सरकत भावाजवळ जातो. शेवटी दहाही जण घोळका करून गप्पा हाणतात. बाहेरचे दोघे वाढतात, आतल्यांना पान दिसत नाही. पंगत उपाशी! उष्णतेने प्लॅटिनमचं हेच होतं. कण सरकतात, भेटतात, एक होऊन गोळा बनतात. धातू तेवढाच, काम संपलं."

"आणि कथील?"

"कथील म्हणजे मख्ख चुलता. त्याला वाढता येत नाही. पण एका हाताने मांडवाचा खांब, म्हणजे आपली पांढरी माती, धरतो, दुसऱ्या हाताने पुतण्याचं बखोट. हलू देत नाही. असे चुलते मधेमधे उभे केले, की पोरं आपापल्या जागी राबतात."

शिष्याचे डोळे भरून आले. "शेटजींना माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तू माझी अब्रू राखायला गेलास, गाढवा. मी तुझी चव्हाट्यावर मांडू? बरणी उचल. आणि रडू नकोस, पूड ओली होईल."

सकाळी शिष्य स्वतः भट्टीवर गेला. बरणी दिली आणि आधीची पूड आपली होती, गुरूंची नव्हे, हेही सर्वांदेखत सांगितले. शेटजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. पडलेली ती बाई डोक्याला फडके बांधून तिथेच बसली होती. ती म्हणाली, "खरं बोलला ना पोरगा? मग पेटवा भट्टी."

भट्टी पेटली. महिने लोटले, पण कोणाचे डोके जड झाले नाही.

घरात, कचेरीत असा एखादा मख्ख माणूस असतोच. तो काही करत नाही म्हणून त्याला हाकलण्याआधी, त्याने कोणाकोणाचे बखोट धरून ठेवले आहे ते नीट पाहावे.