केरबानं टायर सावलीत ठेवले

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा हा शब्द गावानं माणुसकीखातर धरला होता. खरा शब्द दुसरा होता आणि तो केरबाची पाठ वळली की वापरात यायचा.

केरबाची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. कशासाठी सांगितलं, तेवढंच विसरायचा.

गाव घाटमाथ्यावर, तालुका घाटाच्या पायथ्याशी. केरबा आबासाहेब थोरबोल्यांची जीप चालवायचा. जीप विजेवरची. आबांनी ती हिमाचलातून जुनी उचलली होती, स्वस्तात, आणि तिच्या पायात बर्फावर चालवायचे टायर होते. गावात बर्फ दिसायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी आबा महिनाभर पारावर बसून त्या टायरांचंच कौतुक सांगत होते. ऐकणाऱ्यांनी वाटा बदलल्या, आबांनी पार बदलला नाही.

रज्जाक मिस्त्रीनं टायर बघितले आणि कपाळाला हात लावला.

"आबा, हे थंडीतले टायर. रबर लई मऊ. बर्फात रस्ता धरतंय, पण आपल्या तापल्या डांबरावर खोडरबरासारखं झिजंल. साधे चार घ्या."

"चांगले चार असताना आणखी चार? आपल्याकडं हिवाळा न्हाई का?"

"मग हिवाळ्यापुरते वापरा. उन्हाळा लागला की काढायचे अन् सावलीत ठेवायचे."

"बघू," आबा म्हणाले. दारात आलेल्या वर्गणीवाल्यालाही ते असंच म्हणत.

मग मिस्त्री केरबाकडे वळला. "ही विजेची गाडी हाय. उतारावर ॲक्सिलरेटरवरनं पाय काढून घ्यायचा. मग चाकंच मोटरीला फिरवतात, तिची वीज होती, गाडी आपोआप हळू होती अन् बॅटरी भरती. म्हणून वरनं निघताना काठोकाठ भरायचं न्हाई. जागा ठेवायची. घाट उतरंस्तोवर आपोआप भरतंय. कळलं?"

केरबानं मान डोलावली. लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला डेअरीवर दूध न्यायचं होतं. त्यानं प्रत्येक कॅन पाऊण भरला, वर जागा ठेवली आणि निघाला. उरलेलं दूध म्हशीपुढं ठेवलं. म्हैस दोन पावलं मागे सरली, कारण तिला अक्कल होती.

डेअरीवाल्यानं झाकण उघडलं. "दूध कमी कसं?"

"घाट उतरलो न्हवं? आता भरलं असंल. नीट बघा."

संध्याकाळी आबांनी त्याला अंगणात उभा केला. "आरं बैला, कमी भरायचं न्हाई! काठोकाठ भरायचं! आणखी मावत न्हाई म्हणंस्तोवर भरायचं!"

केरबानं मान डोलावली. लक्षात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आबा म्हणाले, "टायरात हवा भरून आण." केरबा पंपावर गेला. काठोकाठ भरली. आणखी मावत नाही म्हणेस्तोवर भरली. पंपावरचा माणूस दोन वेळा "बास" म्हणाला, पण तो काही आबा नव्हता. टायर पोट फुगलेल्या वासरासारखे टणक झाले आणि रस्त्याला टेकायला त्यांच्या मधली चिंचोळी पट्टीच उरली.

तसाच तो तालुक्याला निघाला. घाटाच्या पहिल्याच वळणावर खडी सांडली होती. केरबानं पाय काढून घेतला आणि गाडी थांबायची वाट बघत बसला. चाकं खडीवर घसरली, तशी गाडीनं आपला आपोआपचा ब्रेक सोडून दिला. केरबा वाट बघतच राहिला. वळणावर आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उभा होता, दहा फुटी, हात जोडलेला. जीप आबांच्या मिशीच्या बरोबर मधून पलीकडे गेली आणि शेणखताच्या ढिगात थांबली.

"ब्रेक का न्हाई दाबला?" बातमी कळताच धावत आलेले आबा किंचाळले. फाटलेल्या मिशीचं त्यांना जीपपेक्षा जास्त लागलं होतं.

"आपोआप थांबती म्हणाले होते की. मी पाय वर घेऊन बसलो हुतो."

मागोमाग आलेल्या मिस्त्रीनं पुन्हा कपाळाला हात लावला. "आरं, टायरनं रस्ता धरला तरच तो ब्रेक चालतो. चाक घसरलं की गाडी तो सोडून देती, मग आपला पाय ब्रेकवर. अन् ऊन तापलं की टायरातली हवा आणखी फुगती. गरम होऊन फार फुगलेलं दिसलं की थोडी हवा सोडायची." मग तो आबांना म्हणाला, "आबा, अजून सांगतो, साधे टायर घ्या."

"आधी हे झिजू देत," आबा म्हणाले.

केरबानं मान डोलावली. गरम. फुगलेलं. हवा सोडायची.

माघात आबांच्या मुलीला, केतकीला बघायला तालुक्याहून पाहुणे आले. मुलगा शाळेत मास्तर. केतकीला तो एका लग्नात दिसला होता आणि मनापासून आवडला होता. पण मुलाचा मामा मोठा कडक. घरात त्याच्या परवानगीशिवाय कुणी शिंकत नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आबांच्या घरातल्या गोदाकाकी चुलीशी पुऱ्या तळत होत्या. ताटात नेऊन वाढायचं काम केरबाकडे. पहिला घाणा निघाला. केरबानं बघितलं. पुऱ्या गरम होत्या. पुऱ्या फुगल्या होत्या. त्यानं खिशातून बाभळीचा काटा काढला आणि एकेका पुरीची हवा सोडून ती पानात वाढली.

मामानं पुरी उचलली. पुरी ओल्या फडक्यासारखी लोंबली.

"आमच्याकडं पुऱ्या फुगतात," मामा म्हणाला.

"आमच्याकडं पण फुगल्या हुत्या," केरबानं समजावलं. "मी सगळ्यांची हवा सोडली. काळजी नगा करू."

मास्तराला हसू आवरेना. त्या हसण्यावर सोयरीक वाचली. मामानं जाताना एवढंच बजावलं, "साखरपुडा चैत्रात, साडेअकराचा. खाली मंगल कार्यालयात. आम्हाला गबाळेपणा चालत नाही. मुहूर्त चुकला तर सोयरीक संपली."

पाहुणे गेल्यावर गोदाकाकींनी झारा उगारला. "मेल्या, मनानं काही करत जाऊ नकोस! आधी आबांना विचारायचं. ते हो म्हणाले तरच हात लावायचा!"

केरबानं मान डोलावली. लक्षात ठेवलं.

चैत्र आला. आबांनी टायर बदलले नव्हते. मिस्त्री सांगून सांगून थकला आणि त्यानं आबांना रामराम घालणंही सोडलं.

साखरपुड्याच्या सकाळी केतकी जीपमध्ये बसताना हळूच म्हणाली, "केरबादादा, आज तेवढं नीट ने रे."

"तू निवांत बस, ताई. आज मी सगळं विचारून करणार."

आबा पुढे बसले. अंगात कोट, डोक्याला फेटा. एसी लावला की बॅटरी जाते म्हणून त्यांनी एसी लावू दिला नव्हता. घाट निम्मा उतरेपर्यंत फेट्यातून घामाच्या धारा लागल्या. निम्म्या घाटात देवीचं ठाणं होतं. तिथे नारळ फोडल्याशिवाय थोरबोले शुभकार्याला खाली उतरत नसत.

"काय उन्हाळा लागलाय!" आबा उतरता उतरता म्हणाले.

केरबाचे कान टवकारले. पण तो आता शहाणा झाला होता. मनानं काही करायचं नव्हतं.

"आबा, उन्हाळा लागला का?"

"लागला म्हणजे? जाळतोय नुसता!"

"मग सावलीत ठेवू?"

जीप म्हणत असेल, असं आबांना वाटलं. "ठेव, ठेव. हे काय इचारायचं झालं?"

सगळे पायऱ्या चढून देवीकडे गेले. आबांचं गाऱ्हाणं लांबलचक असायचं. त्यात पोरीचं कल्याण थोडं आणि पुढच्या निवडणुकीचं बरंच. पुजारी मध्ये दोनदा जांभई देऊन मोकळा झाला. केतकी सारखी घड्याळाकडे बघत होती.

सगळे खाली आले तेव्हा जीप चार दगडांवर बसली होती. पाय नव्हते.

आबांनी वाकून जीपखाली बघितलं. मग ओरडले. "टायर?"

"काढले. उन्हाळा लागला न्हवं? तुम्हाला इचारूनच काढले."

"आरं, मग दुसरे कुठं हाईत?"

"दुसरे घ्यायचे न्हाईत, असं तुम्हीच म्हणाला हुता."

"गाढवा, तेच लाव परत! आण ते टायर!"

"ते सावलीत ठेवलेत."

"कुठल्या सावलीत?"

रस्त्यावर ऊन रखरखत होतं. झाड नाही, झुडूप नाही. केरबानं कठड्यापलीकडे बोट दाखवलं. सावली खाली होती, दरीच्या तळाशी.

"एकेक सोडला. चारी गेले. लई झ्याक गेले."

गोदाकाकी कठड्यावरून वाकून दरीत बघायला लागल्या. आबांनी फेटा काढून कठड्यावर आपटला. त्यांची ती अवस्था बघून केरबाला वाईट वाटलं. तो धीर द्यायला पुढे झाला.

"आबा, घाबरू नगा. चाकं उतारावर फिरली की बॅटरी भरती, मिस्त्रीनंच सांगितलंय. ही तर पार तळापातूर फिरली. आता काठोकाठ असंल."

आबांनी त्याला मारायला नारळाची भकलं उचलली. तेवढ्यात केतकी मध्ये आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"त्याला काय मारता, आबा? त्याला कळत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला तर कळत होतं ना? चार टायरांपायी तुम्ही माझं ठरलेलं लग्न दरीत घातलंत."

आबांनी भकलं खाली टाकली. आपटलेला फेटा उचलून त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवला.

जीपमध्ये आबांचा फोन वाजायला लागला. मामाचा होता. साडेअकरा वाजून गेले होते. फोन घ्यायला कुणी पुढे होईना. केरबानं आबांकडे बघितलं.

"आबा, घेऊ का?"

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यात त्यांची मान हलली. केरबानं फोन घेतला.

"हॅलो. व्हय, निघालोय की. चाकं म्होरं गेल्यात, माणसं मागनं येत्यात."

पलीकडून मामा बराच वेळ बोलला. केरबानं सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि फोन ठेवला.

"आबा, आता येऊच नका म्हणत्यात," तो म्हणाला. "बरं झालं. न्हाईतर टायर वर आणाय लागले असते."