गेटातला खड्डा

ही गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगता आली असती, पण तिच्यातला तोरा मिरवणारा अधिकारी मीच आहे.

रस्ते विभागात मी कार्यकारी अभियंता होतो. विद्यापीठातल्या प्राध्यापक हेमलता गव्हाणकर खड्डे बुजवण्याचं नवं मिश्रण घेऊन चार वर्षं माझ्याकडे खेटे घालत होत्या. दर वेळी मी एकच सांगायचो, "आधी कुठे वापरलंय, त्याचा दाखला आणा." दाखला मिळायला आधी कुणीतरी ते वापरायला हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी भर बैठकीत मी सगळ्यांना हसवलं. "मॅडम, प्रयोगशाळेत सगळंच टिकतं हो. ट्रकखाली टिकलेलं दाखवा!"

"साहेब, आपल्या ऑफिसच्या गेटातला खड्डा आठवतो?" त्यांनी शांतपणे विचारलं.

आठवत होता. दर पावसाळ्यात माझी गाडी त्यात आदळायची. कधीपासून आदळत नव्हती, ते मात्र आठवेना.

"तीन वर्षांपूर्वी तुमच्याच परवानगीने तो आमच्या विद्यार्थ्यांनी भरला. खडीचे ट्रक रोज त्यावरून जातात. आणि हा घ्या दाखला."

त्यांनी तीन अहवाल पुढे सरकवले, दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे पाठवलेले. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात शेरा होता, "पाहिले. समाधानकारक." खाली माझी सही.

मी मान खाली घालून तिन्ही अहवाल वाचले. पहिल्यांदाच.