वाकळघाटावरचं राहिलेलं ठिगळ

तुम्ही बसलात त्या पायऱ्यांना वाकळघाट म्हणतात. समोरचा पूल अलीकडचा, घाट जुना. इथं चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत दरवर्षी एक वाकळ, म्हणजे ठिगळांची गोधडी, सवालाला निघते. सवाल म्हणजे लिलावच, पण देवाच्या दारात लिलाव म्हणायला आमच्या लोकांना जड जातं. गावच्या बायका महिनाभर बसून, एक पैसा मजुरी न घेता ती शिवतात. जुन्या लुगड्यांचे मोर, धोतरांचे बगळे, फेट्यांचे मासे. बघत राहावं असं काम असतं. ज्याची बोली सर्वांत मोठी, तो पैसे ठेवतो, वाकळेला हात लावून नमस्कार करतो आणि रिकाम्या हातानं घरी जातो. पैसे अडल्यानडल्याच्या कामी येतात. वाकळ मात्र कुणी घरी नेत नाही. का नेत नाही, त्याची हकिकत अशी सांगतात.

या नदीला आम्ही नुसतं 'थोरली' म्हणतो. थोरल्या जावेसारखाच तिचा स्वभाव. वरून शांत, आणि कधी अंगावर येईल त्याचा नेम नाही. पूर्वी इथं नाव नव्हती. बाजार पलीकडे, आणि जायचं ते वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर, छातीएवढ्या पाण्यातून. नदीच्या काठाला खोपट बांधून ठकू नावाची एक बाई राहायची. टोपल्या विणायच्या आणि पलीकडे नेऊन विकायच्या, एवढंच तिचं जगणं. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा जगावा म्हणून तिनं त्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाकडे यमाचं लक्ष जात नाही म्हणतात. पाच वर्षं खरंच गेलं नाही. मग आश्विनातल्या एका बाजारच्या दिवशी सांगड कलंडली, टोपल्या तरंगत वाहून गेल्या आणि दगडू तेवढा हाती लागला नाही. पोराचं अंगडं मात्र तिच्या मुठीत राहिलं.

गाव हळहळलं. आता नाव झालीच पाहिजे, असं जो तो म्हणू लागला. पण नाव काय बोलून होते? लाकूड हवं, सुतार हवा. तेव्हा चंद्राक्का पुढं झाली. चंद्राक्का म्हणजे गावातली सुईकामातली उस्ताद. तिचा टाका मुंगीच्या रांगेसारखा पडायचा. ती म्हणाली, यंदाच्या यात्रेला आपण सगळ्या मिळून वाकळ शिवू, सवालाला लावू आणि येईल त्या पैशात नाव बांधू. घरटी एक ठिगळ आणि घरटी एक बाई. बायका हौसेनं आल्या.

चंद्राक्काला नावेची घाई होती, हेही खरं. तिची एकुलती एक लेक अंबू पलीकडे दिलेली. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि आषाढात सातवा महिना लागला की बाळंतपणासाठी माहेरी आणायची होती. आषाढातली थोरली म्हणजे काय, हे चंद्राक्काला ठाऊक होतं. गरोदर लेक भोपळ्यांवर बसलीय, असं सारखं तिच्या डोळ्यांपुढं यायचं.

देवळाच्या मंडपात वाकळ पसरली. दुसऱ्याच दिवशी ठकू आली आणि पायरीखाली उभी राहिली. तिच्या हातात लाल अंगडं होतं.

"आक्का, माझं ठिगळ," ती म्हणाली.

चंद्राक्कानं सुई थांबवली. बुडालेल्या पोराचं कापड, आणि तेही नावेच्या वाकळेला! आपली लेक त्याच नावेत बसायची आहे. भीतीनं माणूस काय बोलून जाईल, सांगता येत नाही. ती फटकन म्हणाली, "दगडूचं कापड नावंला लावू व्हय? दगूड बुडवायचाच की गं."

दोघीतिघी फिसकन हसल्या. ठकूनं अंगडं पदराखाली घेतलं आणि निघून गेली. ज्या पोरापायी नाव व्हायची होती त्याचंच ठिगळ परत गेलं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही म्हणे.

मग चार दिवसांनी ते सुरू झालं. बायका सकाळी येऊन बघतात तो वाकळेच्या एका कोपऱ्यातले टाके निघालेले. कापड फाटलेलं नाही, दोरा तुटलेला नाही. नुसता ओढून घेतल्यागत मोकळा पडलेला. पुन्हा घातले, पुन्हा निघाले. तिसऱ्या दिवशी कोपरा ओला लागला. चैत्रातलं ऊन, मंडपाची फरशी तापलेली, आणि तेवढ्या वीतभर जागेत पाण्याचा गारवा. हुंगून पाहिलं तर शेवाळाचा वास. कुणी म्हणालं मांजर असेल, कुणी म्हणालं छप्पर गळतंय. पाऊस नसताना छप्पर कसं गळेल, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता, बायका वाकळ शिवायला बसल्या की पोरं तिच्याखाली शिरतातच. घरोघरचा खेळ आहे तो. वरून आई टाके घालते आणि खालून पोर बोटानं दोरा ओढतं. त्या दुपारी चंद्राक्का खाली मान घालून तोच कोपरा शिवत होती. खालून दोरा ओढला गेला. तिनं सवयीनं दटावलं, "बाहीर ये बघू. सुई टोचंल."

दोरा पुन्हा ओढला गेला. वाकळेखाली मांडीएवढा उंचवटा हलला आणि तिच्या गुडघ्याशी येऊन थांबला.

"कुणाचं गं कार्टं हे?" तिनं विचारलं.

तिनं वर पाहिलं. सगळ्या बायका हातातली सुई तशीच धरून त्या उंचवट्याकडे पाहत होत्या. गावातली झाडून सारी पोरं त्या दिवशी पालखीमागं शेजारच्या वाडीला गेली होती. चंद्राक्कानं काठ उचलला. खाली कुणी नव्हतं. ओली फरशी होती, मूठभर नदीची वाळू होती आणि त्या वाळूत एक इवलंसं पाऊल उमटलेलं होतं.

बायका सुया टाकून पळाल्या. यात्रा आठवड्यावर आलेली, वाकळ अर्धी आणि मंडपात यायला कुणी तयार नाही. चंद्राक्का दोन दिवस एकटीच बसली. ती शिवायची, मागून टाके निघायचे. तिला फार भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा शरम मोठी निघाली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि नदीकाठच्या खोपटाशी गेली.

"ठकूबाई, माझी जीभ झडली न्हाई त्या दिशी, हेच नवल. चुकलं माझं. ठिगळ दे."

ठकू टोपली विणत होती. तिनं मान वर केली नाही. "मला कशाला मागतीस? तू त्येला बोललीस. त्येलाच माग."

ठकू अंगडं घेऊन तिच्या मागोमाग आली, पण मंडपात पाऊल टाकेना. चंद्राक्का वाकळेपाशी गुडघे टेकून बसली. भिंतीआडून बायका बघत होत्या. गावातली मानाची बाई ती, ओल्या कोपऱ्यापुढं पदर पसरून म्हणाली, "दगडू, लेकरा, तुला बोलले ते माझ्या भ्यानं बोलले. तुझं अंगडं दे मला. तुझ्याबिगर वाकळ पुरी हुईना."

तिनं सुई त्या कोपऱ्यात टोचली. मग सुईतला दोरा खालून हलकेच ओढला गेला आणि ताठ राहिला. असा, टाका घालायला कुणी धरून द्यावा तसा. तेव्हा ठकू पायरी चढली. लाल अंगडं तिनं स्वतःच्या हातानं त्या कोपऱ्यात लावलं. टाके टिकले. ठकूला रडू फुटलं आणि चंद्राक्का तिला धरून बसली.

यात्रेत पलीकडच्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं सवाल जिंकला. नावेचे पैसे सुटले. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच वाकळ काखेत मारून परत आला. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणाला, "ही ठेवा बाबांनो. हिच्याखाली निजाया जागाच न्हाई. कोणतरी आधीच निजलेलं असतं." घरात ठेवायला दुसरंही कुणी धजेना. तेव्हा ठकू म्हणाली, नावेसाठी शिवलीय तर नावेतच अंथरा.

नाव तयार झाली, तळाला वाकळ अंथरली. आषाढ उजाडला आणि अंबूला आणायला हैबती नावाडी नाव घेऊन पलीकडे गेला. नाव रिकामी, तरी काठावरून दिसत होतं की ती पाण्यात दबून चाललीय. अंबू बसली आणि नाव माघारी फिरली. मधल्या धारेत वरून एक झाडाचं खोड वाहत आलं आणि नावेवर आदळलं. अलीकडच्या काठावर चंद्राक्कानं डोळे मिटून घेतले. आपण बोललेलं वाक्य तिच्या कानात घुमत होतं. तिला खात्री होती की आता दगड बुडवणार.

नाव कलली नाही. आदळलेलं खोड बाजूला वळलं आणि गेलं. हैबती काठाला लागला. तो म्हणाला, "आक्का, रिकामी नाव डुलती म्हून आम्ही तळाला दगूड ठेवतो. आज एकबी ठेवला नव्हता. पर नावंच्या बुडाशी कोणतरी घट बसलं हुतं बघा."

चंद्राक्का लेकीला मिठी मारायची विसरली आणि ठकूकडे वळली. ठकू पाण्यात गुडघाभर उतरून नावेत डोकावत होती.

"हैबतीदादा, उतरला का रं त्यो?"

हैबतीनं वाकळेकडे पाहिलं. "न्हाई, बाई. बसलाय."

"बसू दे," ठकू म्हणाली. "त्येला नावंत बसायची लई हौस हुती."

पुढं वीसेक वर्षं ती नाव कधी डुलली नाही, असं सांगतात. ठकू रोज संध्याकाळी काठावर यायची, नावेशी काहीबाही बोलायची आणि घरी जायची. एका सकाळी हैबतीनं नाव पाण्यात लोटली आणि ती पानासारखी डुलली. तो वल्हं टाकून तसाच खोपटाकडे धावला. ठकू गेलेली होती. वाकळेचा तो कोपरा, म्हणतात, त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा लागला.

चंद्राक्का त्यानंतरही पुष्कळ जगली. यात्रेला वाकळ शिवायची रीत पहिल्या वर्षी पडली ती पडलीच. दरवर्षी पहिला टाका घालण्याआधी ती वाकळेचा काठ उचलायची, खाली पाहायची आणि मोठ्यानं विचारायची, "कुणी राहिलंय का?" मग सुईत दोरा ओवून होईपर्यंत थांबायची.

आजही आमच्या बायका तसंच विचारतात आणि थांबतात. पायरीखाली कुणी उभं असेल तर त्याला वर बोलावतात; हातात कसलं का कापड असेना, कुणाचं का असेना. आधी गावात फिरून घरटी विचारलेलं असतं, सगळ्यांची ठिगळं जमलेली असतात. तरी दरवर्षी कुणी ना कुणी राहिलेलं निघतंच.