भात्याचं पोट

"माझ्यासमोर तोंडाला फडकी बांधून उभे राहता? सोडा ती, आणि भिंत खरवडा!" राजा गजबाहू मजुरांवर कडाडला.

दरबाराच्या भिंतींवर आणि छतावर लाल शेंदराचा आणि पिवळ्या हरताळाचा जुना रंग होता. दोन्ही जहर! मजूर तो कोरडाच खरवडत आणि धुळीचे लोट नाकातोंडात जात. त्यांच्यातल्याच निळूचा थोरला भाऊ तुळाजी याच कामात खोकून खोकून परवाच गेला होता.

निळू ताडकन पुढे आला. "फडकी राहू द्या महाराज! धूळ छातीत जाते."

"तू आत जाऊन पाहिलीस?" राजा खदखदला. "मग छाती न फाडता आतली धूळ मला दाखव! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर सगळे उघड्या तोंडाने राबतील."

दिवाणजी खुसखुसले, "याचा भाऊही कामचुकारच. मरून सुटला!"

निळूने दात आवळले आणि तडक लोहाराचं घर गाठलं. दोन कोरे भाते आणले, दोन्हींच्या आत पांढरं कापड शिवलं. एकाच्या हवा ओढणाऱ्या भोकावर तीन घड्यांचं ओलं फडकं बांधलं, दुसऱ्याचं उघडं ठेवलं. सकाळी मजूर भिंत खरवडत होते आणि निळू दोन्ही भाते चालवत होता.

दुपारी त्याने राजासमोर दोन्हींची पोटं उसवली. फडकं बांधलेला आतून पांढराशुभ्र. उघडा आतून लालपिवळा, चिमटीत धरावी इतकी धूळ!

राजाने नाक मुरडलं. "भाता म्हणजे माणूस नव्हे!"

"नव्हेच! भात्याला लोहार नवं पोट शिवतो. माझ्या भावाला कोण शिवणार?"

"एवढ्याशा धुळीने काय होतं रे?"

"काहीच नाही? बरं!" निळूने ते लालपिवळं कापड झटकायला उचललं. राजाचा शेला झटकन नाकावर गेला. दिवाणजी तर खांबाआड!

"अजून झटकलंही नाही महाराज," निळू म्हणाला. "नाक कशाला झाकलंत?"

मग शेल्याआडून राजाचं हसू फुटलं.

"हरलो! आजपासून भिंत ओली करूनच खरवडायची, प्रत्येकाच्या नाकाला फडकं. तुझ्या भावाच्या बायकापोरांना जन्मभर राजवाड्यातून शिधा. हा शेला तुझा! आणि दिवाणजी, उद्यापासून तुम्हीही छत खरवडायला!"

निळूने शेला तिथेच टर्रकन फाडून मजुरांत वाटला. शेवटचा तुकडा त्याने दिवाणजींपुढे धरला.

"घ्या, घट्ट बांधा! घरी कुणालातरी तुम्ही हवे असालच!"

राजा पोट धरधरून हसला. दिवाणजींनी गुपचूप गाठ मारली.