बेहड्याच्या ढोलीतला वारा

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात, बेहड्याच्या जुन्या झाडाच्या ढोलीत खारींचे एक मोठे कुटुंब राहत असे. त्या घरातली एक तरुण खार दूर नदीकाठी सुगरण पक्ष्यांकडे विणकाम शिकायला गेली होती. ती ऐन पौषात घरी परतली. वाटभर तिच्या मनात एकच चित्र होते : सगळी एकमेकांना बिलगून बसली असतील, ढोली छान उबदार असेल, आणि आपण आत शिरताच सारी म्हणतील, "ये, ये, काय शिकून आलीस ते दाखव!" प्रत्यक्षात आत पाऊल टाकले, तर बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठा. जो तो भिंतीला पाठ लावून, शेपटी अंगाभोवती गुंडाळून एकटा बसलेला. ढोलीच्या मधोमध मावशी तेवढी आपल्या तीन तान्ह्या पिल्लांना पोटाशी धरून कुडकुडत होती.

"आलीस? आधी दारातून बाजूला हो," काका म्हणाले. एवढेच काय ते स्वागत.

थंडी दारातूनच येते, असे त्या घरात सगळ्यांचे ठाम मत होते. म्हणून दर हिवाळ्यात त्यांनी दार थोडे थोडे बुजवत आणले होते. आता ते इतके अरुंद झाले होते, की काकांना आत यायचे तर आत्याला त्यांचे पुढचे पाय धरून ओढावे लागे. "जरा कमी खा!" आत्या दर वेळी म्हणे. तरुण खारीला हुरूप आला. तिने गवत आणले, दिवसभर खपून एक सुरेख पडदा विणला आणि दाराला घट्ट बसवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. गारठा मात्र जराही हटला नाही. संध्याकाळी मावशीने घाबरून हाक मारली, "अगं पोरी, धाकटीचे पाय बघ कसे बर्फासारखे झालेत! सकाळपासून दुधाला तोंड लावलेलं नाही तिनं."

तरुण खारीने धाकटीचे पाय चाचपून पाहिले. दार तर बंद झाले, मग हा वारा येतो कुठून? तिने अंथरुणातून सावरीच्या कापसाचा एक तंतू ओढला, पंजात धरला आणि भिंतीच्या कडेकडेने निघाली. तंतू सरळ लोंबत होता. काकांच्या जवळ येताच तो एकाएकी आडवा होऊन फडफडू लागला.

"काका, जरा सरकता का?"

"का म्हणून? पाठ धरलीय माझी."

"वारा लागूनच धरली असेल. सरका बघू!"

काका कुरकुरत सरकले. त्यांच्या पाठीमागे बोराएवढे गोल भोक होते. तिने त्यातून डोकावून पाहिले, तर आत्या जिथे चारोळ्या साठवून ठेवत असे, ती फांदी समोर स्वच्छ दिसत होती.

"हे काय काका?"

"ते होय? ते... किड्यांनी पाडलं असेल."

"तुमच्या दातांसारखेच दात दिसतात हो त्या किड्यांचे!"

आत्या खो खो हसली. पण तंतू तिच्याजवळ नेला, तर तो तिच्याही पाठीशी फडफडला. तिच्या भोकातून काकांचा साठा दिसत होता. मग एकेकाच्या पाठीमागे एकेक भोक सापडले. आपले दाणे चोरून दुसरा कुणी स्वतःच्या साठ्यात नेतो की काय, यावर नजर ठेवायला प्रत्येकाने गुपचूप भिंत कुरतडली होती, आणि ते कळू नये म्हणून प्रत्येक जण आपले भोक पाठीने झाकून बसला होता. मधोमध येऊन पिल्लांना ऊब द्यायला कुणी उठणार तरी कसे?

"शी! लाज नाही वाटत तुम्हाला?" तरुण खार संतापून ओरडली. "सुगरणींच्या गावात असलं काही कुणी करत नाही!"

"मग जा की तिकडेच!" आत्या फणकारली. "चार काड्या विणायला काय शिकली, आम्हाला अक्कल शिकवते!" आणि सगळ्यांनी आपापल्या भिंतीला पाठ आणखीच घट्ट लावली.

तरुण खारीच्या लक्षात आले, की आपण बोललो ते खरे होते, पण त्याने एकही भोक बुजले नव्हते. मावशीच्या कुशीत धाकटीचा श्वास मंद होत चालला होता. तिने मावशीला डोळ्यांनीच विचारले, धाकटीला अलगद उचलले आणि काकांच्या पोटावर ठेवले. "काका, मी मावशीचं अंथरूण नीट करते. तोवर हिला जरा धराल?"

काकांना नाही म्हणवेना. पिल्लू त्यांच्या पोटावर थरथरत होते. ते या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले. कसेही वळले तरी वारा पिल्लाला गाठत होता. शेवटी काकांनी झाडाची मऊ साल कुरतडून तिचा बोळा केला आणि भोकात गच्च कोंबला. "किड्यांनी फारच वैताग आणलाय," ते कुणाकडेही न बघता पुटपुटले. थोड्या वेळाने त्यांनी पिल्लू आत्यापुढे धरले. "घे, आता तुझी पाळी." आत्याने एकदा पिल्लाकडे पाहिले, एकदा आपल्या भोकाकडे पाहिले आणि म्हणाली, "साल उरलीय का थोडी?"

पिल्लू असे एका पोटावरून दुसऱ्या पोटावर फिरत राहिले, आणि ते जिथे जाई तिथले भोक बुजत गेले. राखायला भोकच उरले नाही, तेव्हा भिंतीशी बसून राहण्यात अर्थ नव्हता. एकेक करत सगळी मधोमध सरकली. धाकटीचे पाय हळूहळू ऊन झाले, आणि उजाडायच्या आत ती दुधासाठी इतकी किंचाळली, की काका दचकून जागे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण खार चारोळ्या वेचून आली. त्या कुठे लपवाव्या म्हणून तिने सवयीने इकडे तिकडे पाहिले. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. क्षणभर ती थांबली. मग तिने ठरवले, आणि सगळ्या चारोळ्या ढोलीच्या मधोमध, सर्वांना दिसतील अशा ओतल्या.

तात्पर्य : घर गार पडले की आधी आपल्याच पाठीमागे पाहावे. अविश्वासाने पाडलेली भोके दार बंद करून बुजत नाहीत. ती ज्याने पाडली, त्यानेच बुजवावी लागतात.