धाकू मिस्त्रीचं सपाट डोक्याचं इंजिन

कोंडसर गावात अजून सरकारी गाडी येत नव्हती, घाटाला डांबर लागलं नव्हतं आणि मोटार दिसली की म्हाताऱ्या बायका डोक्यावरचा पदर सावरून बाजूला उभ्या राहायच्या, त्या काळची ही गोष्ट. ऐकताना मध्येच ‘हे खरं का?’ असं कुणी विचारू नये. कोंडसरात असं विचारणाऱ्याला प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही.

या गावात धाकू पांचाळ नावाचा मिस्त्री राहायचा. आजा तांबट, बाप लोहार, आणि धाकूला वेड मोटारीचं. त्याला मोठी बहीण होती, यसू. लहानपणी तापात यसूचे दोन्ही पाय वाळले. ती जमिनीवर बसून, हातांच्या जोरावर अंग उचलत सरकायची. आई गेली तेव्हा धाकू दोन वर्षांचा होता आणि यसू नऊ वर्षांची. तिने त्याला तसंच सरकत सरकत वाढवला, आणि वाढवताना धपाटेही घातले. तिच्या हातांत इतकी ताकद होती की तिने पिळलेलं लुगडं वाळत घालावं लागत नसे, असं म्हणतात.

गावात मोटार एकच होती, इब्राहिमचाचांची. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक चाचांनी आणला, त्यावर लाकडी बाकं ठोकली आणि गावाला घाटमाथ्याशी जोडलं. चाचा मनाने मोठे, पण मोटारीचं इंजिन अगदीच गरीब. सहा सिलिंडरचं, सपाट डोक्याचं. आजच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आतबाहेर सोडणाऱ्या झडपा, डोक्यात असतात, या इंजिनाचे खाली सिलिंडरच्या कुशीला असायचे आणि वर नुसतं लोखंडाचं सपाट झाकण. साधं, सोशिक इंजिन. सपाटीवर गात गात पळायचं. घाट लागला की मात्र त्याचा आवाज बसायचा.

घाटात सगळ्यांत उभं एक वळण होतं. त्याला पायउतार म्हणायचे, कारण तिथे उतारू खाली उतरत. नियमच होता तो. वळणाआधी चाचा हॉर्न वाजवत, लोक बोचकी घेऊन उड्या मारत आणि रिकामी मोटार रडतखडत वर जाई. मागून बारकूनाना क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन पळत असत. मोटार थांबली की ठोकळा चाकामागे टाकायचा, एवढंच त्यांचं काम, पण रुबाब असा की जणू घाट त्यांच्याच ठोकळ्यावर उभा आहे.

यसू घाट फक्त एकदा चढली. मामाच्या घरी कार्य होतं. पायउताराला सगळे उतरले, ती एकटी बाकावर बसून राहिली. त्या दिवशी मोटारीत मिठाची पोती जास्त होती. मोटार चार हात चढली आणि मागे आली. पुन्हा चढली, पुन्हा मागे आली. तेव्हा रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, “अवो, त्या बायला पण उतरवा की!”

कोण ओरडलं ते गावाला ठाऊक आहे, पण त्याचं नाव कोंडसरात घेत नाहीत. चाचा म्हणाले, “मीठ उतरवू, पोरीला बसू दे.” पण यसूने ऐकलं होतं. ती चढायच्या फळीवरून खाली सरकली आणि त्या खडीवरून, हातांवर, वर निघाली. धाकू तिला पाठुंगळी घ्यायला धावला, तर तिने त्याचा हात झिडकारला. माणसं माथ्यावर थांबली आणि दुसरीकडे बघत राहिली. यसू वर पोचली तेव्हा तिच्या तळव्यांत खडी रुतली होती. ती रडली नाही. रडला धाकू, आणि चांगला मिशी फुटलेला गडी होता तेव्हा.

“परत मी ह्यो घाट चढायची नाय,” यसू म्हणाली, आणि चढली नाही. 

पुढे पाच वर्षांनी धाकूचं लग्न ठरलं. मुलगी घाटमाथ्यावरच्या माथेवाडीची, अनशी. लग्न मुलीच्या दारी, फाल्गुनात. यसूने भावासाठी शेला काढून ठेवला, रुखवताची चौकशी केली, कुणी काय करायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “मी हितंच रांधून ठेवतंय. तुमी नवरीला घेवन या.”

“तू नाय तर लगीन नाय,” धाकू म्हणाला.

“मंग डोलीत घाल मना,” यसू फणकारली. “चार गड्यांच्या खांद्यावर. परत कोन ‘उतरवा’ म्हून वराडलंच तर उचलनारे चौघेबी आयकतील.”

धाकू उठून चाचांकडे गेला आणि म्हणाला, “चाचा, इंजिन माज्या ताब्यात द्या. पायउताराला कुणी उतरनार नाय असं करून देतंय.” चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. पाच वर्षांपूर्वीचं ते वळण चाचांनाही टोचत होतं.

धाकूचा हिशोब सोपा होता. सिलिंडरवरचं झाकण जितकं खाली येईल, तितकी हवा जास्त दाबली जाईल, आणि जितकी जास्त दाबाल तितक्या जोराने ती उसळेल. म्हणजे झाकण घासून पातळ करायचं. शहरात हे काम मशीनवर होतं. धाकूने ते ओढ्यावरच्या धुण्याच्या काळ्या दगडावर केलं. वाळू, पाणी आणि दोन हात. उंचवटा कुठे राहिला ते कळावं म्हणून तो दगडाला यसूच्या डबीतलं काजळ फासायचा. काजळ जिथे लागेल तिथे पुन्हा घासायचं. महिनाभर तो घासत होता. त्या महिन्यात गावातल्या बायकांची लुगडी काळी निघाली आणि धाकूला ज्या शिव्या बसल्या त्या अजून पाठ आहेत.

झाकण बसवलं, हँडल मारलं. इंजिन असं गरजलं की देवळातली घंटा आपोआप हलली, असं म्हणतात. धाकूने मोटार घाटाला लावली. पहिलं वळण वाऱ्यासारखं गेलं. दुसऱ्या वळणावर आतून तडतड ऐकू आली, मग एक खणखणीत आवाज, आणि मोटार जागीच मेली.

झालं असं होतं की या इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडताना खालून वर येतात, झाकणाकडे. थंड इंजिनात जागा कशीबशी पुरली. तापल्यावर लोखंड वाढलं, वेग आला, आणि व्हॉल्व्ह झाकणावर आपटून वाकले. मोटार दोरांनी ओढत गावात आणली. झाकण काढल्यापासून लोक माथ्यावर पायीच जात होते, डोक्यावर तांदूळ घेऊन, ते आता संपेना. “सपाट डोकं इंजिनाचं नाय, धाकूचं हाय,” असं पोरंसोरंही म्हणू लागली. माथेवाडीहून सासऱ्यांचा निरोप आला: ठरल्या दिवशी वऱ्हाड आलं नाही तर आम्ही मुलगी दुसरीकडे देऊ. दिवस उरले अठरा.

धाकू झाकण मांडीवर घेऊन पडवीत बसला होता. आत किती जागा राहते ते बघायचं कसं? झाकण लावलं की आतलं दिसत नाही, आणि काढलं की जागा उरत नाही. यसू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, “नक्की काय बगायचाय तुला?”

“व्हॉल्व वर आला की झाकनाच्यात न त्याच्यात किती फट ऱ्हाते ती.”

यसूने परातीतल्या पिठाची एक गोळी केली आणि त्याच्यापुढे धरली. “ही ठेव मधी. झाकन लाव, यंत्र हातानं फिरव, झाकन काढ. भाकरी जाड झाली का पातळ ती मना बोटानं कळती. तुजा लोखांड भाकरीपरास शाना हाय काय?”

धाकू उठला आणि त्याने बहिणीचे पिठाने भरलेले हात कपाळाला लावले. दिवसभर त्याच्या कपाळाला पीठ होतं, असं म्हणतात.

मग दोघं कामाला लागली. यसूला त्याने मोटारीच्या पुढच्या भागापाशी उंच पाटावर बसवलं. बारा व्हॉल्व्ह, बारा गोळ्या. वरून तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे पीठ चिकटत नाही. झाकण लावून हँडल हाताने हळू फिरवायचं, झाकण काढायचं, आणि यसूने चपटी झालेली गोळी सुरीने कापून बोटांत धरायची. “हितं एक दाना. हितं अर्धाच. हितं कायच नाय.” तांदळाच्या दोन दाण्यांएवढी जाडी हवी, असं तिने ठरवलं होतं. जिथे पीठ पातळ, तिथे धाकू झाकणाला आतून कानसीने खळगा पाडायचा. बाकी झाकण पातळच राहिलं, फक्त व्हॉल्व्हच्या डोक्यावर बारा खळगे पडले. चाचांनी शहरातून मागवलेले नवे व्हॉल्व्ह यसूने आधीच स्वतः बसवले होते. जात्यावर दळावं तसा एकेक व्हॉल्व्ह त्याच्या जागेत गरगर फिरवत तिने इतका घासला की वरून रॉकेल ओतलं तर खाली थेंब झिरपेना.

दाब बाहेर फुटू नये म्हणून झाकणाखाली घालायला तांब्याचा पत्रा हवा होता. यसूने आजाने घडवलेलं घंगाळ पुढे केलं. ते तिच्या लग्नासाठी ठेवलेलं होतं आणि तिचं लग्न काही झालं नव्हतं. धाकू नको म्हणाला. “काप,” ती म्हणाली. “ठेवून काय त्याची पूजा करू?” त्याने डोळे पुसत पुसत कापलं.

एका मोडक्या जीपचा, इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बुरेटर चाचांनी कुठून तरी आणला, तोही धाकूने जोडला. एका इंजिनाला दोन कार्बुरेटर. पण पायाखालचं पॅडल एकालाच पुरायचं. दुसऱ्याला धाकूने सुतळी बांधली.

लग्नाचा दिवस आला. मोटारीत सत्तावीस माणसं, आहेराची बोचकी, दोन पोती तांदूळ, आणि पुढच्या बाकावर नवं लुगडं नेसलेली यसू. तिला यायला लावलं ते चाचांनी. ते म्हणाले, “ज्या इंजिनाला तू हात लावलायस, ते चढलं का नाही बघायला तूच नाही आलीस तर मी पण चालवत नाही.” चाचा चाकावर बसले. नवरदेव बसला मडगार्डवर, मुंडावळ्या बांधून, एका हाताने मोटारीचा दिवा घट्ट धरून आणि दुसऱ्या हातात सुतळी. असा नवरदेव त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिन तापलं, पण आतून तडतड आली नाही. मग समोर पायउतार दिसलं. चाचांनी हॉर्न वाजवला. वाजवायला नको होता, पण इतक्या वर्षांची सवय. आणि हॉर्न ऐकल्याबरोबर सगळं वऱ्हाड उठून उभं राहिलं. कुणी बोचकी उचलली, कुणी फळीवर पाय टाकला. बारकूनाना तर ठोकळ्यासकट खाली उडी मारून मोकळे झाले. एक माणूस उतरला की मागचेही उड्या मारणार, चाचांना ब्रेक दाबावा लागणार, आणि त्या वळणावर एकदा थांबलेली मोटार पुन्हा उठत नाही, हे यसूला माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती मागे वळली आणि जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली, “बसाऽऽ! कुनी उतरायचा नाय!”

सगळे बसले. ज्याचं नाव गावात घेत नाहीत तोसुद्धा बसला, सगळ्यांत आधी. यसूने भावाकडे बघून हात वर केला, धाकूने सुतळी ओढली आणि दोन्ही कार्बुरेटर एकदम उघडले. मग काय झालं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं, रस्त्यावरचे धोंडे आपण होऊन बाजूला झाले. कुणी म्हणतं, पुढची चाकं जमिनीला लागतच नव्हती. माथ्यावर करवंदाच्या जाळ्या धुराने काळ्या झाल्या आणि म्हणूनच तिथली करवंदं जास्त काळी असतात, असंही म्हणतात. एवढं मात्र नक्की की मोटार माथेवाडीत पोचली तेव्हा वाजंत्रीवाले अजून जेवत होते, आणि बारकूनाना ठोकळा खांद्यावर घेऊन पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

नवरदेवाला उतरवायला लोक धावले, तर तो मडगार्डवरून उतरेना. “आदी माज्या बहिनीला घ्या,” म्हणाला. नव्या नवरीने, अनशीने, हे दारातून पाहिलं. ज्याच्या घरात जायचं त्या माणसाला तिने त्याच क्षणी पसंत केलं, असं ती म्हातारपणी सांगायची.

धाकूने पुढे कितीतरी मोटारींची डोकी घासली. घाटाखालच्या सगळ्या गावांतून ड्रायव्हर यायचे आणि इंजिन उघडलं की आधी विचारायचे, यसूबाय हाय का घरात? बहीण-भाऊ दोघंही आता नाहीत. इंजिन कुठे गेलं तेही कुणाला माहीत नाही. पण ते बारा खळग्यांचं झाकण त्या वळणावर एका चौथऱ्यावर ठेवलंय आणि वळणाला आता पायउतार कुणी म्हणत नाही. ते यसूवळण. कोंडसरात कुणी नवी गाडी घेतली, मग ती मोटारसायकल का असेना, की इंजिनावर नारळाआधी तांदळाच्या पिठाची एक गोळी ठेवतात. ती घरातल्या मोठ्या बहिणीने ठेवायची असते.

आणि बसमध्ये ड्रायव्हरजवळचं पुढचं बाक. गाडी कितीही भरली तरी ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी ते रिकामं ठेवतात. तसं कुणी नसेल तर ते रिकामंच घाट चढतं. आता घाटाला डांबर आहे, गाड्या दणकट आहेत, त्या वळणावर उतरायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तरी वळण दिसलं की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, गाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, ती कुठल्याही गावची असो, मागे वळून म्हणते, “बसा, कुनी उतरायचा नाय.” आणि सगळी गाडी, झोपलेले जागे होऊन, उभे असलेलेसुद्धा, एका आवाजात उत्तर देते:

“बसलाव गो यसूबाय, बसलाव!”