शेवंताचा प्रश्न

“...मग देवाघरी आईला जेवायला कोण वाढतं?” टेकडी चढताना शेवंताने चौथ्यांदा विचारले.

“देव वाढतो.” त्रिंबकबुवा धापा टाकत म्हणाले.

“मग ती परत कधी येणार?”

बुवांनी पावलांचा वेग वाढवला.

अमर आत्म्यावर तास तास बोलून गावेच्या गावे डोलायला लावणारे हे प्रवचनकार. पण पाच वर्षांच्या लेकीपुढे त्यांची बोबडी वळत होती. बायको जाऊन दोन महिने झाले होते. आई आली की तिच्याच हातून जेवेन, हा शेवंताचा हट्ट. दोन घास खाऊन उठायची. पोर वाळून काडी झाली होती. आज तिला जेवायला लावील असे एक वाक्य मिळाल्याशिवाय टेकडी उतरायची नाही, असे बुवांनी ठरवून टाकले होते.

वरच्या मठात म्हाताऱ्या येसाई एकट्याच राहत, शेळ्या राखत. आत्ता त्या कुदळीने खड्डा खणत होत्या. शेजारी सकाळी मेलेले करडू ठेवले होते.

“येसाई, हिला पटेल असं काहीतरी सांगा. माझे सगळे दाखले देऊन झाले.”

येसाईंनी बुवांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी दुसरे, जिवंत करडू उचलून शेवंतापुढे आणले.

“बोट दे त्याच्या तोंडात.”

करडू लुचुलुचु चोखू लागले. शेवंता खुदकन हसली.

“आता ह्या मेल्याल्याच्या.”

“अहो, लहान आहे ती!” बुवा पुढे धावले.

येसाईंनी कुदळ आडवी धरली.

शेवंताने बोट घातले. वाट पाहिली... बोट हलवून पाहिले.

“चोखत नाही.”

“न्हाई चोखत.”

“भूक नाही त्याला?”

“आता भूक लागायची न्हाई. थंडी न्हाई, दुखणं न्हाई.”

“उद्या?”

“उद्याबी न्हाई.”

शेवंताने बोट हळूच काढून घेतले...

“आईपण अशीच?”

“तुझ्या बापाला इचार.”

बुवांनी घसा खाकरला. “बाळ, आत्मा हा...”

“बुवा, करडाएवढं बोल.”

बुवा तिच्यासमोर खाली बसले.

“आई मेली, शेवंता.” दोन महिन्यांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला होता. “ती परत येणार नाही. कधीच नाही.”

शेवंताने गळा काढला. तिला पोटाशी धरून बुवाही रडले, अगदी ओक्साबोक्शी. लाज वाटायचेही भान त्यांना राहिले नाही.

बऱ्याच वेळाने येसाईंनी दूधभाकरीचा काला पुढे ठेवला. बुवांनी भरवला. शेवंता हुंदके देत देत खाऊ लागली. निम्मी वाटी संपली तेव्हा बुवांना वाटले, सुटलो.

येसाईंनी करडू खड्ड्यात ठेवले. शेवंताने वाकून पाहिले.

“बाबा, आत अंधारात भीती नाही ना वाटणार त्याला?”

बुवा हताश झाले. “आत्ताच तर समजलं होतं हिला!”

“पुन्यांदा सांग,” येसाई म्हणाल्या. “सातव्या वर्सी पुन्यांदा इचारंल. धाव्या वर्सी येगळंच इचारंल. तवाबी खरंच सांग.”

“सांगेन. दमणार नाही मी.” बुवांनी डोळे पुसले. “पण येसाई, माणसाला हे पुरतं समजतं तरी कितव्या वर्षी?”

येसाई खड्ड्यात माती लोटत राहिल्या...

“तुझं वय काय, बुवा?”